सोंगातलं पाप कोणाचं?



धान घरात आलं, दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया भरू लागल्या की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या पडदे, पेट्या, तबले गाडीत भरून निघतात त्या थेट होळीपर्यंत. रात्री जेवणं उरकून माणसं अंगावर चादरी घेऊन मांडवात बसतात आणि पहाटेपर्यंत उठत नाहीत. या रंगभूमीचं काम केवढं, हे २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातील कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या देशाला कळलं. तुम्हाआम्हाला ते आधीच ठाऊक होतं.

आता अशा एखाद्या नाटकातला खलनायक डोळ्यांपुढे आणा. तो विधवेचं शेत बळकावतो, भावाभावांत भांडण लावतो, गरिबाच्या पोरीवर वाईट नजर ठेवतो. मांडवातल्या बाया त्याला शिव्याशाप देतात. सकाळी तोच माणूस तोंडावरचा रंग पुसून टपरीवर चहा प्यायला येतो. त्याला कोणी मारत नाही. उलट एखादे आजोबा म्हणतात, "काम झकास केलंत बरं का! असला नीच माणूस जन्मात पाहिला नाही." एकाच वाक्यात शिवीही आहे आणि शाबासकीही. सोंग वेगळं आणि सोंग घेणारा वेगळा, हे त्या आजोबांना पक्कं कळलेलं असतं. निळू फुले यांनी पडद्यावर इतके दुष्ट पाटील आणि पुढारी रंगवले, की खेड्यातल्या बाया त्यांना खरोखरीच वाईट समजत. प्रत्यक्षात ते राष्ट्र सेवा दलात वाढलेले, समाजकार्याला हातभार लावणारे सज्जन गृहस्थ होते.

हे सारं सांगण्याचं कारण असं, की जगात एक नवा खेळ निघाला आहे. नवा म्हणजे तसा पन्नास वर्षांचा आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. त्याच्या पोटी असे पुष्कळ खेळ जन्मले. त्यांना भूमिकेचे खेळ म्हणू या. चारपाच जण एका टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक सोंग घेतात. कोणी योद्धा, कोणी वैदू, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, आणि आपलं पात्र काय करील ते ज्याचं त्यानं बोलून सांगायचं. काम साधलं की फसलं, ते फासा टाकून ठरतं. पडदा नाही, मांडव नाही, आणि मुख्य म्हणजे लिहिलेलं नाटकच नाही.

उदाहरण घेऊ. सूत्रधार म्हणतो, "तुम्ही चौघं जंगलातून चालला आहात. वाटेत एक म्हातारी मोहफुलांची टोपली घेऊन बसली आहे." वैदू झालेला मुलगा म्हणतो, "मी तिच्या पायातला काटा काढतो." चोर झालेला म्हणतो, "मी टोपली पळवतो." फासा पडतो, टोपली हाती येते. बाकीचे हसतात. तेवढ्यात एखादा विचारतो, "अरे, असं का केलंस?" उत्तर ठरलेलं असतं: "मी कुठं केलं? माझ्या पात्रानं केलं. ते चोरच आहे!"

हे उत्तर ऐकून तुम्हाला आचार्य अत्रे यांचं १९६२ सालचं नाटक आठवेल. त्यातला लखोबा लोखंडे निरनिराळी नावं घेऊन लोकांना ठकवतो आणि कोर्टात उभं केलं की म्हणतो, तो मी नव्हेच! प्रभाकर पणशीकरांनी ती भूमिका गाजवली. खेळाडूचं 'तो मी नव्हेच' खरं मानायचं की लखोबासारखं खोटं, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

त्यासाठी तीन खेळ शेजारी ठेवून पाहू. पहिला मोक्षपट. आज मुलं सापशिडी खेळतात, तिचं हे जुनं रूप. तो ज्ञानेश्वरांनी रचला असं परंपरा सांगते. सापांना दुर्गुणांची नावं, शिड्यांना सद्गुणांची. पण कवड्यांचं दान जिथं नेईल तिथं सोंगटी जाते. साप गिळतो तेव्हा खेळणाऱ्यानं काही निवडलेलं नसतं. तिथं पाप नशिबाचं. दुसरा खेळ म्हणजे नाटक. तिथं खलनायक जे करतो ते लेखकानं आधीच लिहून ठेवलेलं असतं, आणि शेवटच्या अंकात त्याचं काय व्हायचं तेही. तिथं पाप लेखणीचं. तिसरा हा भूमिकेचा खेळ. फासा इथंही आहे, पण टोपली पळवायची की काटा काढायचा हे फासा सांगत नाही. लेखकही सांगत नाही. ते खेळणारा स्वतः ठरवतो. म्हणून 'माझं पात्रच तसं आहे' या सबबीला इथं नाटकाइतकं बळ नाही. पात्र तसं केलं कोणी? आपणच ना?

मग असं सोंग घेणाऱ्याला पापी म्हणायचं का? तसंही नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात या खेळावरून मोठं काहूर माजलं होतं. हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो, त्यातून आत्महत्या आणि खून होतात, असं काही पालक आणि धर्मोपदेशक सांगत होते. दूरचित्रवाणीवर चर्चा झडल्या. पण हे आरोप काही सिद्ध झाले नाहीत. खेळात तलवार चालवणारी लाखो मुलं मोठी होऊन नोकऱ्या-धंदे करू लागली. आपल्याकडेही चोर-शिपाई खेळताना निम्मी मुलं चोर होतातच. म्हणून काही त्यांतून चोर निपजत नाहीत. उलट, वाईट माणूस आतून कसा विचार करतो हे मुलाला खेळात थोडं समजलं, तर पुढं खरा लखोबा दारात आला तेव्हा त्याला ओळखायला त्याचा उपयोगच होईल.

तेव्हा कल्पनेतल्या म्हातारीची कल्पनेतली टोपली गेली, तर 'तो मी नव्हेच' चालेल. पण तीन ठिकाणी ते चालत नाही, आणि शिक्षक बंधुभगिनींनी इकडं लक्ष द्यावं.

पहिलं ठिकाण म्हणजे शेजारी बसलेला सोबती. चोर झालेला मुलगा म्हातारीला सोडून आपल्याच सोबत्याच्या पात्राला लुटू लागला, दर वेळी त्याचा डाव मोडू लागला, तर पात्र खोटं असलं तरी सोबत्याचं रडू खरं असतं. त्याची संध्याकाळ खरोखरीची वाया जाते. पुष्कळदा जुना राग सोंगाआडून काढला जातो. होळीच्या रंगाआडून कोणी कोणाला खरा मार दिला, तर आपण त्याला खेळ म्हणत नाही. इथंही तोच न्याय.

दुसरं ठिकाण परिणामांचं. खेळात वाईट काम केलं आणि त्याचं पुढं काहीच झालं नाही, तर तो खेळ खोटं शिकवतो. इथं सूत्रधाराचं काम आहे. त्यानं रागावू नये, उपदेश करू नये. फक्त पुढची गोष्ट खरी सांगावी. म्हातारीची टोपली गेली. ती मोहफुलं वाळवून, विकून तिच्या घरात मीठ-तेल येणार होतं. तिनं गावात जाऊन सांगितलं. संध्याकाळी चौघं त्या गावात पोचतात तेव्हा एकही दार उघडत नाही, आणि बाहेर तर वाघाचा मुलूख! आता चौघांनी ठरवावं, काय करायचं ते. इतकं झालं की पुढच्या वेळी टोपली दिसताच चोरच दोनदा विचार करतो. तरीही त्याला चोरीच करायची असेल तर करू द्यावी. निवड त्याची आहे, पण किंमतही त्याचीच.

तिसरं ठिकाण सर्वांत नाजूक आहे, आणि आपल्या दोन जिल्ह्यांत तर जिवाशी भिडणारं आहे. या खेळांत काही जमाती जन्मतःच दुष्ट ठरवलेल्या असत. ऑर्क दिसला की मारा. त्यानं काय केलं हे विचारायचं कारण नाही. पुढं खेळणाऱ्यांतूनच प्रश्न उठला, की एखादी जमातच्या जमात दुष्ट कशी असेल? २०२० साली प्रकाशकांनी जाहीर केलं, की यापुढं अशा जमाती माणसांसारख्याच भल्याबुऱ्या दाखवू. आपल्याला हे समजायला अमेरिकेत जायला नको. नाटकात रावण राक्षस असतो. आणि गडचिरोली जिल्ह्यातील परसवाडीसारख्या गावात गोंड बांधव त्याच रावणाला आपला पूर्वज म्हणून पुजतात. एकाचा खलनायक तो दुसऱ्याचा आजा असू शकतो. वर्गात दोघांचीही मुलं एका सतरंजीवर बसलेली असतात.

आणि चेटकिणीचं काय? परदेशी खेळात चेटकीण म्हणजे उंच टोपीची, झाडूवर बसून उडणारी गमतीची बाई. आपल्याकडे तो शब्द गमतीचा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावी, भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, बारसेवाडा गावी, जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला जाळून मारण्यात आलं. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालीच झाला आहे. पण कायदा येतो गुन्हा घडल्यावर किंवा घडता घडता. 'ती म्हातारी चेटकीण आहे, तिला मारलं की गाव सुटेल' ही गोष्ट मनात त्याच्या कितीतरी आधी रुजलेली असते. खेळात हीच गोष्ट आपण दहा वेळा घोळवली आणि दहाही वेळा चेटकीण मारणारा शूर ठरला, तर हे सोंग कल्पनेतल्या कोणाचं राहत नाही. त्याचा चेहरा गावाच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या कुणा आजीसारखा होतो. तिथं 'तो मी नव्हेच' म्हणून सुटता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मग चेटकिणीची गोष्ट खेळायचीच नाही का? खेळावी, पण उलटी करून खेळावी. गावात पोरं आजारी पडली आहेत, लोक एका म्हातारीकडे बोट दाखवताहेत. चौघांपैकी एक वैदू, एक मास्तर, एक पोलीस पाटील आणि एक त्याच जमावातला तरुण. आता काय कराल? विहिरीचं पाणी कोण तपासेल? जमावापुढं उभं कोण राहील? तरुणाची भूमिका वर्गातल्या सर्वांत धीट मुलाला द्या. जमावाबरोबर ओरडायला किती सोपं असतं आणि गप्प होऊन बाजूला सरायला किती कठीण, हे त्याला नुसत्या पाठ्यपुस्तकातून कळणार नाही. इथं वाईट बाजूचं सोंग घेणंच शहाणपण शिकवून जातं.

हा खेळ शाळेत घ्यायला पैसा लागत नाही. फासा नसला तर कवड्या किंवा चिंचोके चालतील. सुरुवातीला मात्र एक काम करा. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव तुम्हाला ठाऊक आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारं ते गाव. तिथं ग्रामसभेत निर्णय बहुमतानं घेत नाहीत. सगळ्यांची संमती होईपर्यंत बोलत राहतात. तसंच खेळ मांडण्याआधी मुलांना विचारा: आपल्या गोष्टीत कोणते प्रसंग नकोत? कोणाच्या घरात दारूचं भांडण असतं. कोणाच्या घरातला माणूस वाघानं नेलेला असतो. कोणाच्या नात्यात गोळीनं माणूस गेलेला असतो. एकालाही नको असेल तो प्रसंग वगळायचा, आणि का नको ते विचारायचं नाही. परदेशातले काही खेळाडू टेबलावर फुली मारलेलं एक कार्ड ठेवतात. कोणीही त्याला बोट लावलं की चालू प्रसंग तिथंच थांबतो. आपण एक साधा खडा ठेवू. खडा उचलला की गोष्ट दुसऱ्या वाटेनं न्यायची.

आणि खेळ संपला की लगेच घंटा देऊ नका. पाच मिनिटं मुलांना गोल बसवा. प्रत्येकानं आपलं सोंग उतरवून, स्वतःचं नाव घेऊन सांगावं: माझ्या पात्रानं अमुक केलं, मी असतो तर काय केलं असतं. नाटकातला नट सकाळी रंग पुसतो ना, तसंच हे. रंग लावायला हरकत नाही, श्रोतेहो. पण तो पुसल्यावर जे तोंड उरतं ते आपलं आहे, आणि शेजारी बसलेल्याला तेच घेऊन भेटायचं आहे, एवढं मुलांना कळलं तरी पुष्कळ झालं.