आधी लेंड्या बघायच्या

“ताई, तुमच्याकडे ससा मिळेल का? परवा मुलीचा वाढदिवस आहे.” मे महिन्यात असे फोन वाढतात. मी नाही म्हणत नाही. एवढंच सांगते, की परवा नाही जमणार, दोन-तीन आठवडे तरी धरून चाला. काहीजण तिथेच फोन ठेवतात. जे थांबतात आणि “एवढे दिवस कशाला?” असं विचारतात, त्यांना देते ते उत्तर इथे सविस्तर लिहिते आहे.

तुर्भ्यात आम्ही चार-पाचजण लोकांनी सोडलेले ससे आणि गिनीपिग आपापल्या घरी सांभाळतो आणि त्यांना कायमचं घर शोधून देतो. पाटी नाही, कार्यालय नाही. कुणाच्या बंद बाल्कनीत, कुणाच्या हॉलच्या कोपऱ्यात जाळीची कुंपणं लावलेली आहेत. प्राणी येतात ते बहुतेकदा चांगल्या घरांतूनच येतात. मुलाची दहावी आली, बदली झाली, घरमालकाने वासाची तक्रार केली, आजीचा दमा वाढला. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं कारण म्हणजे, “दोन्ही माद्या आहेत असं सांगून दिल्या होत्या, आता सात झालेत.”

हे शेवटचं कारण नीट कळलं की आमचा उशीरही कळतो. गिनीपिगच्या पिल्लांत नर कुठला आणि मादी कुठली हे ओळखायला सरावलेला हात लागतो. नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की ते स्वतःच्या आईलाही गाभण करू शकतं. मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते. गर्भ राहतो ५९ ते ७२ दिवस, आणि पहिले काही आठवडे पोटाकडे बघून काहीच समजत नाही. म्हणून नरासोबत राहिलेली मादी आमच्याकडे आली की दहा आठवडे आम्ही तिला कुणाकडेच पाठवत नाही. “एकदा पिल्लं होऊ द्या, मुलांना बघायला मिळतील,” असं म्हणणाऱ्यांना मी हेही सांगते, की मादी सहा-सात महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्याली नसेल तर तिच्या कटीच्या हाडांचा पुढचा सांधा घट्ट व्हायला लागतो. मग पिल्लू अडतं आणि पिल्लासोबत आईही जाते.

सशाची मादी ३० ते ३२ दिवसांत विते. सशांची नसबंदी करून घेतल्याशिवाय आम्ही जोडी लावत नाही. पिल्लं थांबवण्यापुरतंच ते नाही. वय वाढेल तशा सशाच्या माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो, आणि शस्त्रक्रियेने ती भीती संपते. नराची नसबंदी झाली तरी त्याच्या शरीरात आधीचं बीज चार ते सहा आठवडे टिकतं, म्हणून तेवढे दिवस त्याला मादीपासून दूर ठेवायचं. आता या तारखा मांडून बघा. वाढदिवसाची तारीख त्यात बसणं अवघडच.

जोडी हा शब्द आला, तर तो आधीच स्पष्ट करते. आम्ही एकटा प्राणी शक्यतो देत नाही. हे कळपाने राहणारे जीव आहेत. स्वित्झर्लंडने २००८ पासून एकटा गिनीपिग पाळायला कायद्यानेच मनाई केली आहे. दोन माद्या, किंवा नसबंदी केलेला नर आणि मादी, अशा जोड्या चांगल्या जमतात. घरी आधीच एकटा ससा असेल तर त्याला घेऊन या, आमच्या सशांशी त्याची ओळख करून देऊ. ते काम आधी जाळीच्या दोन बाजूंनी, मग दोघांनाही अनोळखी अशा जागेत, दहा-दहा मिनिटांपासून सुरू करायचं असतं. पण ससा आणि गिनीपिग यांची जोडी लावून मागू नका. सशाची एक लाथ गिनीपिगच्या बरगड्या मोडायला पुरते. शिवाय सशाच्या श्वासमार्गात काही त्रास न देता राहणारे बोर्डेटेला नावाचे जंतू गिनीपिगला न्यूमोनिया करतात.

मग प्रश्नावली येते, आणि इथे काहीजणांना राग येतो. घर भाड्याचं आहे का, मालकाला विचारलंय का. घरात कुत्रा-मांजर आहे का. रोजचं काम कोण करणार? या प्रश्नाचं उत्तर “मुलगी करेल” असं आलं तर आम्ही आई-बाबांशी पुन्हा बोलतो, कारण ससा चांगला सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो आणि गिनीपिग पाच ते आठ. आज चौथीत असलेली मुलगी तोवर कॉलेजात गेलेली असेल. गणपतीत कोकणात जाता तेव्हा घरी कोण असतं, हेही विचारतो. दिवाळीत खिडकीखाली फटाके वाजतात का, तेही. भित्र्या सशाची गोष्ट आपण लहानपणी हसत ऐकली, पण मोठ्या आवाजाने ससा खरोखर जिवावर बेतेल इतका घाबरतो. बावरून पळताना मागच्या पायांच्या जोराने स्वतःचाच कणा मोडून घेतो. म्हणूनच त्याला कानांनी उचलायचं नाही, उताणंही धरायचं नाही. एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली, आणि त्याची कूस आपल्या अंगाला टेकलेली, एवढं प्रत्येकाकडून आम्ही जमिनीवर बसून करवून घेतो.

जागेचं म्हणाल, तर दुकानात मिळणारा पिंजरा घेऊ नका, पैसे वाया जातात. दोन गिनीपिगना किमान साडेसात चौरस फूट मोकळी जमीन लागते. जाळीचे चौकोनी तुकडे जोडून ती एका दुपारी तयार होते. सशांना त्याहून बरंच जास्त लागतं. छोट्या फ्लॅटमध्ये उत्तम म्हणजे रात्रीपुरतं कुंपण आणि दिवसा एक खोली मोकळी, चार्जरच्या वायरी मात्र वर बांधलेल्या. तळाला जाळी कधीही नको. सशाच्या पायाला गादी नसते, नुसते केस असतात, आणि जाळीवर राहून तळव्यांना चिघळणाऱ्या जखमा होतात. जुनी चादर, वर गवत, एवढं पुरतं.

आता खाणं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक आजारी प्राणी खाण्यामुळेच आजारी पडलेले असतात. चित्रांच्या पुस्तकात ससा गाजर खातो. खरा ससा गवत खातो. दिवसभराच्या खाण्यातला जवळपास ऐंशी टक्के भाग वाळलेल्या गवताचा हवा. दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजतात गवत दळूनच. आतडं चालू राहतं तेही गवताच्या तंतूंमुळे. आयात केलेलं टिमोथी गवत महाग पडतं. खात्रीच्या माणसाकडून स्वच्छ, हिरवट, धूळ नसलेलं वाळलं गवत मिळालं तर तेही चालतं. ताजी हरळी दोघांनाही फार आवडते. लसूणघास पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त असल्याने मूत्राशयात खडे होतात. पावसाळ्यात गवताची पिशवी उघडली की आधी वास घ्या. कुबट वाटलं तर सगळीच टाकून द्या.

पाल्याच्या बाबतीत तुर्भेकर नशीबवान. एपीएमसीचा भाजीबाजार हाकेच्या अंतरावर. तिथून कोथिंबीर, शेपू, पुदिना, गाजराचा आणि मुळ्याचा पाला आणा, दोन-तीन पाण्यांतून धुवा, निथळून द्या. कोबी-फ्लॉवरने गॅस होतो, ते टाळा. पालक कधीतरीच. फळबाजारातलं फळ नखाएवढं, तेही आठवड्यातून एकदा-दोनदा. कांदा-बटाटा बाजारातलं मात्र काहीही नको. कांदा, लसूण, बटाटा, तिन्ही वर्ज्य. पोळी, भात, बिस्कीट, फरसाण हेही. “आमचा आवडीने खातो” असं लोक सांगतात, आणि तो खातोही, पण त्या पिठाने आतड्यातले जंतू बिघडतात आणि त्याची किंमत नंतर मोजावी लागते.

गिनीपिगसाठी आणखी एक गोष्ट, विसरून चालणार नाही अशी. माणसासारखंच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेत ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख खलाशांच्या एका आजारावर काम करत होते. त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, आणि त्या बिचाऱ्यांना स्कर्व्ही झाला. माणसाच्या या रोगाचं कोडं सुटायला सुरुवात झाली ती तिथून. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी आमच्याकडे आजही सुजलेल्या सांध्यांचे, चालायला न धजणारे गिनीपिग येतात. मनाला लागतं ते याचं, की उपाय भाजीवाल्याकडे असतो. ढोबळी मिरचीची एक जाड फोड, साधारण २० ते २५ ग्रॅम, रोज. पाण्यात घालायच्या थेंबांवर विसंबू नका, उजेडात ते जीवनसत्त्व टिकत नाही.

सशाला सर्वांत जास्त बाधतो तो आमच्या इथला उन्हाळा. त्याला घाम येत नाही, कानांतून जी उष्णता जाईल तेवढीच. पारा २८-३० च्या वर गेला आणि हवा दमट असली की धोका सुरू. बंद बाल्कनी दुपारी भट्टी होते, त्या वेळी तिथे ठेवू नका. पंखा, शहाबादी फरशीचा एक तुकडा, ओल्या फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, एवढ्यावर आम्ही एप्रिल-मे काढतो. पावसाळ्यात वेगळी काळजी. शेपटीखालची जागा ओली किंवा घाण राहिली तर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. रोज संध्याकाळी तिथे एकदा बघायचं, लाज धरायची नाही.

प्राणी नेण्याआधी डॉक्टर शोधून ठेवायला सांगतो. कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टर पुष्कळ आहेत, पण या प्राण्यांचं शास्त्र निराळं. ओळखायची एक सोपी खूण देते. विचारा, “शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचं का?” उत्तर “हो, रात्रभर” असं आलं तर दुसरीकडे जा. सशाला उलटी होतच नाही, आणि त्याचं पोट रिकामं ठेवणं हाच मोठा धोका आहे. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन या दोन्ही प्राण्यांना कधीही द्यायचं नाही. कुत्र्याच्या पिसवांसाठी मिळणारं फिप्रोनिल सशाला लावायचं नाही. ही दोन नावं आम्ही कागदावर लिहून देतो आणि फ्रिजवर चिकटवायला सांगतो.

त्याच कागदाखाली सही असते. विकणार नाही, पिल्लं काढणार नाही, मोकळं सोडणार नाही, आणि सांभाळणं झालं नाही तर आमच्याकडेच परत आणीन. मोकळं सोडणं यावर थोडं बोलायला हवं, कारण ते पुष्कळांना पुण्याचं काम वाटतं. गावच्या माळावर दिसतो तो रानससा वेगळा प्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, तो पाळताही येत नाही. आपल्या घरातला पांढरा किंवा करडा ससा युरोपातल्या, बीळ करून राहणाऱ्या सशाच्या वंशातला. त्याला पारसिकच्या डोंगरावर सोडलं तर तो मोकळा होत नाही, घारी, कावळे आणि कुत्रे यांच्या तोंडी जातो. भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा जागी प्राणी टाकून देणं हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हाही आहे. परत आणून देणाऱ्याला आम्ही कधीही बोलत नाही. खरंच नाही. परत आणणं ही जबाबदारीच आहे.

मग न्यायचा दिवस. ठाण्याहून किंवा पनवेलकडून येणाऱ्यांना ट्रान्स-हार्बरची लोकल सोयीची, पण उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत या. हवा खेळणारी टणक पेटी, खाली टॉवेल, वर मूठभर गवत. तो टॉवेल आमच्या घरातलाच देतो, ओळखीचा वास सोबत जावा म्हणून. घरी गेल्यावर दोन दिवस तो धुवू नका. पाहुणे बोलावू नका. पेटी उघडा आणि बाजूला बसा, ते आपणहून बाहेर येतील.

त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यासाठी माझं सांगणं एवढंच, की सकाळी उठल्यावर आधी लेंड्या बघायच्या. हे शिकार होणारे प्राणी. आजारी दिसलो तर मारले जाऊ, हे त्यांच्या रक्तात आहे. डोळ्यांत, चेहऱ्यावर काही दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. लेंडी मात्र खोटं बोलत नाही. सशाची लेंडी वाटाण्यापेक्षा जरा मोठी, गोल, कोरडी, चुरली तर आत गवताचे तंतू दिसतात. लहान-लहान झाल्या, केसांच्या धाग्याने माळेसारख्या ओवल्या गेल्या, किंवा संख्येने रोडावल्या, की खाणं कुठेतरी अडलंय. बारा तास लेंडी नाही आणि अन्नाला तोंड नाही, तर उद्याची वाट बघू नका, रात्री असेल तर रात्रीच डॉक्टर गाठा. आतडं थांबलं की हे जीव एका दिवसात जातात. कधी द्राक्षाच्या लहान घडासारखा मऊ, चकचकीत पुंजका दिसेल. ते जुलाब नव्हेत. ससा तो थेट तोंडाने घेऊन पुन्हा खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. असे पुंजके रोज पडून राहायला लागले तर मात्र गवत वाढवा आणि बाकीचं कमी करा.

आठवड्यातून एकदा वजन. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा, त्यावर पातेलं, पातेल्यात फडकं आणि गिनीपिग. आकडा वहीत लिहायचा. मोठा गिनीपिग सातशे ग्रॅमपासून बाराशेपर्यंत कितीही भरेल. महत्त्व त्या आकड्याला नाही, तो घसरतोय का याला. एका आठवड्यात पन्नास-साठ ग्रॅम गेले तर फोन करा, तो कितीही खेळकर दिसत असला तरी.

परवा वाशीच्या एका घरी गिनीपिगच्या दोन माद्या गेल्या. पहिली रात्र दोघी पेटीतच बसून होत्या, गवताला तोंड लावलं नव्हतं, आणि त्या घरचे बाबा दोन वाजेपर्यंत जागे होते. सकाळी सव्वासहाला त्यांचा फोटो आला. तळहातावर सात-आठ लेंड्या, काळपट, लांबट, एका बाजूला किंचित वळलेल्या. खाली लिहिलं होतं, “ताई, बरोबर आहेत ना?” मी फोटो मोठा करून बघितला. बरोबर होत्या.