बार्शी लाईट रेल्वे : रुळांची रुंदी आणि आसावरील भार

अरुंदमापी रेल्वेविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात कौतुकाचा भाग मोठा असतो. लहान एंजिन, लहान डबे, बेताचा वेग आणि ओळखीची स्थानके यांमुळे माणसे या गाड्यांची आठवण आवडीने काढतात. ही आवड गैर नव्हे. प्रस्तुत लेखकासही ती आहे. परंतु तिच्या आश्रयाने एक समजूत दृढ होऊन बसली आहे. ती अशी की, दोन रुळांमधील अंतर कमी केले म्हणजे रेल्वे आपोआप स्वस्त होते, आणि अंतर कमी असल्यामुळेच ती पुढे अपुरी पडते. या समजुतीची दोन्ही अंगे पारखून पाहण्यास बार्शी लाईट रेल्वेइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल.

मुंबईहून मद्रासकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा रुंदमापी मार्ग १८६० साली सोलापुरास पोहोचला, तो बार्शीस बाजूला टाकून. बार्शी ही बालाघाटाच्या पायथ्याची जुनी पेठ. घाटावरील निजामी मुलखातला कापूस व गळिताची धान्ये येथे उतरत, आणि येथून सुमारे वीस-बावीस मैलांवरील बार्शी रोड स्थानकापर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, बैलगाडीने जात. एवढ्याशा अंतरासाठी साडेपाच फुटी रुंदमापी फाटा बांधणे परवडण्यासारखे नव्हते. आणि फाटा नसल्यामुळे पेठेची वाढ खुंटत होती. आडवळणाच्या पेठांपुढील हा पेच सार्वत्रिक होता. येथे तो सोडविणारा मनुष्य मात्र सर्वसामान्य नव्हता.

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ साली याच कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. एंजिनांची तपासणी हे त्याचे काम. नोकरीत असतानाच बार्शीच्या फाट्याची कल्पना त्याच्या मनाने घेतली. पुढे त्याने नोकरी सोडली, १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी हा अडीच फुटी मार्ग खुला झाला. (याच गृहस्थाने उत्तरायुष्यात विमानातून उडी घेण्याची हवाई छत्री तयार केली. दोन्ही उद्योगांत भार कसा तोलावयाचा हाच प्रश्न होता, हे मौजेचे आहे.)

कॅलथ्रॉपचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे. रेल्वेमार्गाचा खर्च कशावर अवलंबून असतो? भराव व खोदाई यांच्या रुंदीवर काही अंशी असतो, हे खरे. परंतु सोलापूर जिल्ह्यासारख्या सपाट मुलखात मातीकाम स्वस्त असते आणि तीव्र वळणेही फारशी लागत नाहीत. तेव्हा रुंदी घटवून होणारी बचत बेताचीच. मोठा खर्च असतो तो रुळांच्या लोखंडाचा, स्लीपरांचा, खडीचा आणि पुलांचा. या साऱ्यांचे प्रमाण गाडीच्या एकूण वजनावरून ठरत नाही. एका आसावर, म्हणजे एका चाकांच्या जोडीवर, जास्तीत जास्त किती भार येतो त्यावरून ते ठरते. सर्वसाधारण रेल्वेत सर्वांत जड आस एंजिनाचा असतो. सारा मार्ग त्या एका जड आसासाठी बांधावा लागतो, आणि मागून येणाऱ्या वाघिणी त्या मजबुतीचा जेमतेम अर्धा भाग वापरतात. उरलेले भांडवल रुळांत नुसते पडून राहते.

यावर कॅलथ्रॉपने काढलेला तोडगा असा : एंजिन असो, मालाची वाघीण असो की उतारूंचा डबा असो, कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, मात्र वाघीण पूर्ण भरली म्हणजे तिच्या प्रत्येक आसावर त्या मर्यादेइतका भार आलाच पाहिजे. मर्यादा ५ टनांची ठरल्यावर दर यार्डास ३० पौंड वजनाचा रूळ पुरेसा झाला. मोठ्या मार्गांवरील रूळ त्या काळीही याच्या दुपटीहून जड असत. एंजिनाचे वजन अधिक आसांवर वाटून देण्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीकडून आठ जोडचाके व मागे चार चाकांची बोगी असलेली एंजिने बनवून घेण्यात आली. सहा आस, म्हणजे एंजिनाचे वजन फार तर ३० टन. चार आसांच्या बोगी-वाघिणीचे भरलेले वजन २० टन. तेव्हा वाघिणीचे स्वतःचे वजन जितके कमी, तितका माल अधिक. म्हणून तिचे सांगाडे दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचे केले. ही सामग्री हिंदुस्थानात येण्यापूर्वी १८९४ साली लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम घातलेल्या मार्गावर चालवून दाखविण्यात आली होती.

येथे विद्यार्थ्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. नेरळ-माथेरान हा १९०७ साली पुरा झालेला दोन फुटी मार्गही अरुंदमापीच. पण तेथे अरुंदपणाचे कारण निराळे आहे. डोंगराच्या कुशीतून एकास वीस इतक्या चढाने जाताना अत्यंत तीव्र वळणे घ्यावी लागतात, आणि रुळांमधील अंतर जितके कमी तितके वळण तीव्र घेता येते. तेथील जुन्या वाफेच्या एंजिनांचे टोकाचे आस वळणावर बाजूस सरकू शकत, ते याचसाठी. माथेरानात रुंदी हाच मुद्दा आहे. बार्शीस तो जवळजवळ गौण आहे. दोन्ही गाड्यांना ‘लहान गाडी’ म्हणून एका पंक्तीस बसविले की हा भेद नाहीसा होतो.

मार्ग पुढे वाढत गेला. १९०६ साली तो पंढरपुरास, १९०७ साली निजामी हद्दीतील तडवळ्यास, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोहोचला. एकूण लांबी २०२ मैल झाली. कॅलथ्रॉप १९२७ सालीच वारला. पंढरपूरच्या वाहतुकीचे स्वरूप अगदी वेगळे होते. आषाढी-कार्तिकीस जी दाटी होते ती वर्षाच्या उरलेल्या दिवसांत नसते, आणि त्या थोड्या दिवसांसाठी वेगळे डबे बाळगणे कोणत्याही लहान कंपनीस झेपणारे नव्हे. एकाच मापाची, एकाच आसभाराची सामग्री ठेवण्याचा येथेही उपयोग होता.

या मार्गाचे खरे दुखणे कुर्डुवाडीस होते. रुंदमापी वाघिणीतील प्रत्येक पोते तेथे उतरवून पुन्हा भरावे लागे. या अदलाबदलीचा खर्च अंतरावर अवलंबून नसतो, आणि त्याचा अर्थशास्त्रीय परिणाम मोठा आहे. समजा, एक टन माल उतरवून भरण्यास दहा मैल वाहतुकीइतका खर्च येतो. मार्ग बावीस मैलांचा असेल तर हा बोजा वाहतूकखर्चाच्या जवळजवळ निम्मा होतो. शंभर मैलांचा असेल तर दशांश. तेव्हा लातूरपर्यंतचा विस्तार हा मूळ फाट्याची कमजोरी कमी करण्याचाही मार्ग होता असे म्हणावयास हरकत नाही. मिरजेचा विस्तार मात्र इतका सरळ नाही. मिरजेस त्या वेळी मीटरमापी मार्ग होता. म्हणजे ही रेल्वे एका टोकास रुंदमापीला आणि दुसऱ्या टोकास मीटरमापीला जोडलेली, आणि दोन्ही टोकांस हमालांची वर्दळ. पुणे-मिरज मार्ग १९७१ साली रुंदमापी झाल्यावर तर मधला अरुंद दुवा अधिकच विजोड दिसू लागला.

अदलाबदल टाळण्याचा एक उपाय कॅलथ्रॉपने स्वतःच पुढे योजला होता. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरातील लीक अँड मॅनिफोल्ड हा अडीच फुटी मार्ग त्याच्याच देखरेखीखाली १९०४ मध्ये खुला झाला. तेथे मोठ्या मापाची भरलेली वाघीण जशीच्या तशी एका बुटक्या वाहक-गाड्यावर चढवून पुढे नेत. हा उपाय बार्शीस का लागू पडला नसता, याचे उत्तर माझ्या मते पुन्हा आसभारातच आहे. हिंदुस्थानी साडेपाच फुटी वाघीण इंग्रजी वाघिणीहून मोठी व जड. ती भरून वर चढविली की ५ टनांची मर्यादा मोडली असती, आणि ती मोडली म्हणजे ३० पौंडी रूळच बदलावे लागले असते. बार्शीचा अनुभव घेऊन बांधलेला तो इंग्रजी मार्ग, दुधाची वाहतूक हातची गेल्यावर, १९३४ मध्येच बंद पडला. त्याची आज पायवाट झाली आहे. बार्शीची गाडी त्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ चालली.

१९५४ साली भारत सरकारने ही रेल्वे विकत घेऊन मध्य रेल्वेत समाविष्ट केली. रुंदमापीकरण मात्र विसाव्या शतकाअखेर रेंगाळले आणि पुढील दशकात टप्प्याटप्प्याने झाले. कुर्डुवाडी-लातूर भाग २००८ मध्ये पूर्ण झाला. त्या वेळी जुनी वाट सोडून मार्ग उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, शहरास नेण्यात आला. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण जवळजवळ शंभर वर्षे या रेल्वेच्या बाहेर राहिले होते. कुर्डुवाडीची जुनी कार्यशाळा टिकून राहिली. माथेरानच्या गाडीच्या दुरुस्तीची कामे अलीकडच्या काळातही तेथे होत आली आहेत.

स्वस्त मार्गाने या प्रदेशाला काय दिले, हे लातूरच्या बाजारपेठेकडे पाहिल्यास कळते. त्याने काय देता आले नसते, हे २०१६ च्या उन्हाळ्यात कळून आले. मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले. एप्रिलमध्ये पहिली गाडी १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन, जवळजवळ ३४० किलोमीटर अंतर तोडून पोहोचली. पुढे ५० वाघिणींची गाडी एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर आणू लागली. धराशिवकडचे वळण वगळता वाट बव्हंशी कॅलथ्रॉपच्या कंपनीचीच होती. त्याच्या मूळ मर्यादेत भरलेली वाघीण २० टनांची. तिचे स्वतःचे वजन ५ टन धरले तर पाणी १५ टन. म्हणजे तेवढ्याच पाण्यास दीडशेहून अधिक वाघिणी लागल्या असत्या, आणि ती एकच गाडी अनेक गाड्यांत तोडून न्यावी लागली असती. येथेही अडचण अडीच फुटांची नव्हती, ती पाच टनांची होती.