वाऱ्यावर थंड होणारे इंजिन

शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक मोटारसायकलींचे इंजिन वाऱ्यावरच थंड होते. सिलिंडरभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या फिन उष्णता हवेत सोडतात. वारा मिळतो तो गाडी पळताना. म्हणून चैत्राच्या उन्हात मानोऱ्याहून पोहरादेवीला निघालेली गाडी मोकळ्या रस्त्यावर तापत नाही, तेवढी रामनवमीच्या यात्रेच्या गर्दीत पहिल्या गिअरवर रखडताना तापते. अशा वेळी इंजिन सरळ बंद करावे. फिनच्या फटींत वाळून बसलेली काळी माती उष्णता कोंडते. ती इंजिन थंड असताना ब्रशने काढावी. तापल्या इंजिनावर पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. ऑईल कमी असले, किंवा कार्बोरेटरमधून पेट्रोल गरजेपेक्षा कमी येत असले (मायलेजच्या हव्यासाने बहुधा तसे करूनच घेतलेले असते), तर इंजिन आणखी तापते.