बासचा रॉड आणि मावळचं पाणी

पवना, इंद्रायणी, भामा किंवा भीमा, यांपैकी एकाही नदीत बास नावाचा मासा नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या तरुणांच्या हाती आज गळाचं जे सामान दिसतं, त्यातलं बरंचसं याच माशासाठी घडवलेलं असतं. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते. आठवडाभर मोबाइलवर अमेरिकन तळ्यांवरचे व्हिडिओ पाहिलेले असतात आणि ऑनलाइन मागवलेला ‘बास कॉम्बो’ पाठीला लावलेला असतो. रावेतच्या बंधाऱ्यापासून भामा आसखेडच्या काठापर्यंत दिवसभर फेकाफेक चालते आणि संध्याकाळी साधी चिलापीही हाती लागलेली नसते. मग दोष सामानाला दिला जातो, नाहीतर नशिबाला. खरं तर घोळ खरेदीच्या आधीच, समजुतींमध्ये झालेला असतो.

गैरसमज: बासचं सामान म्हणजे कुठल्याही मोठ्या माशाचं सामान

लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी धरलेला २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे साधारण दहा किलोंचा बास आजही विक्रमाच्या यादीत आहे. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. या एका माशाभोवती अमेरिकेत प्रचंड बाजार उभा आहे, म्हणूनच जगभरच्या कंपन्यांच्या खोक्यांवर त्याचं चित्र दिसतं.

त्याची सवय दबा धरण्याची. तो गवताच्या आडोशाला किंवा बुडालेल्या ओंडक्याजवळ बसतो आणि समोरून काही हललं की झडप घालतो. बासचं सगळं सामान या झडपेसाठी आहे. रॉड आखूड आणि ताठ, आमिष खोटं पण हलणारं, आणि मासेमारी म्हणजे सतत फेकणं आणि ओढणं.

आपल्या धरणांत ज्यांचं बीज सोडतात ते रोहू, कटला, मृगळ या पद्धतीने जगतच नाहीत. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं आणि तो मुख्यतः पाण्यातले सूक्ष्म जीव खातो. मृगळाचं तोंड खाली असतं आणि तो तळ चाळतो. अशा माशांसमोर दिवसभर चमकता पत्रा ओढलात, तर क्वचित एखादा अंगाला गळ अडकून येईल, तेवढंच. त्यांना कणकेचा किंवा पेंडीचा गोळा हवा, लवचीक लांब काठी हवी, लहान पण धारदार गळ हवा आणि एका जागी बसून राहण्याची तयारी हवी. घाटावर बांबूला तंगूस बांधून बसलेले आजोबा पिशवी भरून घरी जातात, त्यामागे कसली जादू नाही. त्यांनी आधी मासा ठरवलेला असतो आणि मग सामान.

गैरसमज: मग बासचा रॉड आपल्याकडे निरुपयोगी

हा उलट बाजूचा गैरसमज. आपल्या पाण्यात बाससारखा वागणारा एक मासा आहे, तो म्हणजे मरळ. पाणवेलीत, जलपर्णीच्या कडेला आणि उथळ कोमट पाण्यात तो दबा धरतो. हवेतूनही श्वास घेत असल्यामुळे मधूनमधून वर येतो, आणि तेव्हा उठणारा बुडबुडा त्याचा पत्ता सांगतो. बाससाठी बनवलेला पोकळ रबरी बेडूक मरळीला इतका लागू पडतो, की तो जणू तिच्यासाठीच घडवला असावा. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो गवतावरून सरकतो, अडकत नाही. माशाने तोंडात दाबला की रबर चेपतं आणि गळ उघडे पडतात.

नवशिक्याची चूक इथेच होते. पाणी फुटल्याचा आवाज आला की तो लगेच रॉडला झटका देतो आणि बेडूक माशाच्या तोंडातून उडून परत येतो. दोरीवर वजन जाणवेपर्यंत थांबायचं आणि मगच ओढायचं. सामान म्हणाल तर साडेसहा-सात फुटांचा मीडियम-हेवी रॉड आणि ३० ते ५० पौंडांची विणलेली दोरी, म्हणजे ब्रेड. ब्रेड जवळजवळ ताणली जात नाही आणि गवतात अडकली तरी देठ कापत येते. नायलॉनचा तंगूस इथे कमी पडतो, कारण तो ताणला जातो आणि मासा तेवढ्या वेळात गवतात शिरतो.

एक अपवाद मात्र पाळायला हवा. विणीच्या दिवसांत मरळीच्या लालसर पिलांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागावर फिरतो आणि त्याखाली आई-बाप राखणीला असतात. तेव्हा ते समोर येईल त्यावर तुटून पडतात, पण भुकेने नव्हे, पिलं वाचवण्यासाठी. तिथे बेडूक टाकून मिळवलेल्या माशाला शिकार म्हणणं मला जमत नाही. मोठा मासा गेला की पिलांचा फडशा इतर मासे पाडतात.

कोकणातल्या जिताड्याला इंग्रजीत सीबास म्हणतात, पण त्याचं कुळ वेगळं आणि घरही वेगळं, खाडीचं. बासचा रॉड तिथे चालतो. रील मात्र प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने पुसायचं, नाहीतर मिठाने जाम होतं.

गैरसमज: दोरी जितकी जाड तितका मासा मोठा

चाकणच्या असेंब्ली लाइनवर बोल्टचा टॉर्क मोजल्याशिवाय गाडी पुढे न पाठवणारा माणूस नदीवर गेला की रीलचा ड्रॅग बोटाच्या अंदाजाने पिळतो, याचं मला कायम नवल वाटतं. मोठा मासा जाड दोरीने येत नाही, तो ड्रॅगने येतो. ड्रॅग म्हणजे रीलमधल्या चकत्यांचा ब्रेक. ठरावीक ओढ आली की तो सरकतो आणि दोरी सुटू देतो. तो फार आवळला तर मासा पहिल्याच धावेत दोरी तोडतो किंवा गळ सरळ करतो. फार सैल ठेवला तर गळ रुततच नाही.

प्रमाण सोपं आहे. दोरीच्या तुटण्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. वीस पौंडांची दोरी म्हणजे सुमारे नऊ किलो, तेव्हा ड्रॅग सव्वादोन ते तीन किलोंवर सरकला पाहिजे. सामान तोलायचा छोटा हूकवाला काटा दोरीच्या टोकाला बांधा, हळूहळू ओढा आणि दोरी सुटायला लागली की आकडा वाचा. हे काम पाच मिनिटांचं असतं. रीलच्या खोक्यावर ‘मॅक्स ड्रॅग १२ किलो’ लिहिलेलं असलं, तरी तेवढ्याचा उपयोग करायची वेळ आपल्या पाण्यात बहुतेक कधी येत नाही. घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा, म्हणजे चकत्या दबून बसत नाहीत.

दोरी तुटते ती बहुतेक वेळा गाठीपाशी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतं, म्हणून आवळण्यापूर्वी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करायची. ब्रेडला साधी क्लिंच गाठ घसरते, तिथे पालोमार गाठ घाला. ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळली तर सगळी गुंडाळीच गोल फिरते आणि वाटतं ड्रॅग बिघडला. खाली थोडा नायलॉन तंगूस आधी गुंडाळला की हा त्रास संपतो.

फ्लुरोकार्बन ‘अदृश्य’ असतं असं दुकानदार सांगतात. ते नायलॉनपेक्षा कमी दिसतं, कारण त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४२ असतो आणि पाण्याचा १.३३. फरक आहे, पण अदृश्य नव्हे. आणि पावसाळ्यानंतरच्या गढूळ पवनेत त्या फरकासाठी जास्त पैसे मोजणं मला तरी पटत नाही.

गैरसमज: आकडे मोठे म्हणजे माल चांगला

‘१३ + १ बेअरिंग’ या आकड्याला भुलू नका. बेअरिंग म्हणजे काय हे भोसरीच्या माणसाला मी सांगायला नको. हलक्या दर्जाची तेरा असण्यापेक्षा चांगली चार बरी. गिअर रेशो ५.२:१ म्हणजे मूठ एकदा फिरवली की रोटर किंवा स्पूल पाच वेळांहून थोडं जास्त फिरतो. ७:१ म्हणजे जास्त ताकद नव्हे, जास्त वेग. जड मासा ओढायला कमी रेशोच सोयीचा. ‘४०००’ हा रीलचा आकारही सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो.

रॉडवरच्या ‘३० टन’, ‘४० टन’ या आकड्यांनी तर अनेक जण फसतात. तो कार्बन तंतूंच्या ताठपणाचा आकडा आहे, किती वजन पेलेल याचा नव्हे. जास्त टनांचा रॉड हलका आणि नाजूक असतो. दगडावर आपटला, बाइकवर घासला, की बारीक तडा पडतो आणि पुढच्या माशाला तो मधूनच तुटतो. नव्याने शिकणाऱ्याला फायबरग्लासचा किंवा मिश्र रॉड जड वाटला तरी तो अशी धसमुसळी सहन करतो. शिवाय रॉडवरचे दोन शब्द वेगळे वाचायचे. ‘पॉवर’ म्हणजे वाकवायला किती जोर लागतो आणि ‘अॅक्शन’ म्हणजे तो कुठून वाकतो. ‘फास्ट’ रॉड फक्त शेंड्याकडून वाकतो. तो लांब फेकतोच असं नाही. काठाशी आलेला मासा उचलताना रॉड डोक्याच्या मागे नेला तर कुठलाही रॉड मोडेल, आणि ती रॉड बनवणाऱ्याची चूक नसते.

व्हिडिओत दिसतो म्हणून बेटकास्टर घेण्याची घाईही नको. हलकं आमिष फेकताना त्याचा स्पूल आमिषाच्या पुढे धावतो आणि दोरीचं घरटं होतं. पहिल्यांदा स्पिनिंग रीलच घ्या, आणि ते रॉडच्या खाली टांगलेलं असतं, वर बसवायचं नसतं.

गळाच्या नंबरात उलटा हिशेब असतो. १० पेक्षा ६ मोठा, ६ पेक्षा १ मोठा, आणि १ नंतर १/०, २/० असे वाढत जातात. आमिषाच्या रंगाविषयी मी फार बोलणार नाही. पंचवीस रंगांची पेटी बहुतेक वेळा माशाआधी माणसालाच गळाला लावते. गढूळ पाण्यात आमिषाची सावली आणि कंपनं जास्त कामाची.

गैरसमज: महाशीर इथला नाही, तो हिमालयातला

दख्खनी महाशीर, म्हणजे टॉर खुद्री, याचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने या माशाचं मूळ गावच आपलं. पुढे नद्या आटल्या, बांध घातले गेले, पाणी बिघडलं, आणि लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास करून बीज देशभर पाठवावं लागलं. हा मासा वाहत्या पाण्यात जोरदार धाव घेतो, त्यामुळे वर सांगितलेला ड्रॅगचा हिशेब सगळ्यात आधी इथे लागतो. मिळाला तर परत सोडा. त्यासाठी गळाचा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका, हात ओले करून मासा धरा, आणि फोटो पाण्यातच काढा.

बाहेरून मासा आणून सोडण्याची कल्पना मात्र कुणी काढू नये. जपानमध्ये १९२५ साली हौसेने आणलेल्या बासने तिथल्या देशी माशांची दाणादाण उडवली, आणि २००५ मध्ये सरकारला त्याला उपद्रवी परकीय जात ठरवून तो पाळण्या-सोडण्यावर बंदी आणावी लागली. आपल्याकडे चिलापी १९५२ मध्ये आली. ती आज कुठे नाही, ते सांगा.

गैरसमज: मासा जिवंत आहे म्हणजे पाणी चांगलं, आणि नदी सगळ्यांची म्हणजे परवानगी नको

आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस सगळ्या महाराष्ट्राने पाहिला आहे. चिलापी आणि मागूर कमी प्राणवायूतही तग धरतात, म्हणून शहरातल्या पट्ट्यात मासा मिळणं हा पाणी शुद्ध असल्याचा पुरावा नाही. शहराच्या खालच्या बाजूला धरलेला मासा खाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

धरणांतल्या मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना. एका रॉडने काय होतंय, असं म्हणून चालत नाही. संस्थेच्या माणसाला आधी विचारा. विचारणाऱ्याला जागा आणि हंगाम दोन्ही कळतात. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. देहू-आळंदीच्या घाटांपाशी गळ टाकण्याचा विचारही करू नये. तिथले मासे लोक श्रद्धेने राखतात.

गैरसमज: रॉड प्लॅस्टिकचा असतो, त्यातून वीज जात नाही

या सगळ्यांत हा एकच गैरसमज जीव घेऊ शकतो. कार्बन, म्हणजे ग्राफाइट, विजेचा वाहक आहे. ओली दोरीही वीज वाहून नेऊ शकते. औद्योगिक पट्ट्यात उच्चदाबाच्या वाहिन्या नद्या-ओढ्यांवरून जागोजागी गेलेल्या आहेत. अशा तारेला टोक लागण्याचीही गरज नसते, पुरेसं जवळ गेलं तरी ठिणगी उडी घेते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून काठापासून दूर व्हा. उभ्या रॉडसकट उघड्यावर थांबणं सगळ्यात धोक्याचं. आणि जागेवर पोहोचल्यावर रॉड जोडण्याआधी एकदा मान वर करून पाहा. वर तार असेल तर तिथे फेकू नका, दुसरी जागा शोधा.