व्यसनातील हानी कमी करणारा सहाय्यक कार्यकर्ता : पेडणे व डिचोली तालुक्यांच्या संदर्भात

अमली पदार्थांविषयी गोव्यात बोलणे निघाले की ते बहुधा दोन ठिकाणी जाऊन थांबते : पोलिसांचा छापा आणि व्यसनमुक्ती केंद्र. या दोहोंच्या मध्ये फार मोठी संख्या उरते. ज्याला आज व्यसन सोडायचे नाही, किंवा सोडायचे असूनही जमत नाही, अशा माणसाची ही संख्या होय. तो पुढच्या महिन्यापर्यंत जिवंत राहील काय, त्याला कावीळ किंवा एचआयव्हीचा संसर्ग होईल काय, हे प्रश्न छाप्याने सुटत नाहीत. आणि केंद्रात तर तो गेलेलाच नसतो. अशा माणसाबरोबर काम करणाऱ्या सहाय्यक कार्यकर्त्याच्या कामाचे स्वरूप कसे असते, त्याला कोणते ज्ञान व कौशल्य लागते आणि कम्युनिटी कॉलेजात ते कितपत शिकवता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना व पार्श्वभूमी

इंग्रजीत ज्याला हार्म रिडक्शन म्हणतात त्यासाठी 'हानी-न्यूनीकरण' हा शब्द कागदोपत्री चालेल. गावात तो कोणी उच्चारणार नाही. म्हणून येथे 'हानी कमी करणे' असा साधा प्रयोग केला आहे. व्यसन थांबो अथवा न थांबो, त्यामुळे होणारे मृत्यू, संसर्ग, अपघात व घराची होणारी वाताहत कमी व्हावी, एवढाच त्याचा अर्थ. सुईने अमली पदार्थ घेणाऱ्याला नवी सुई व सिरिंज देऊन वापरलेली परत घेणे, हेरॉइनऐवजी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी दवाखान्यात कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवावयास देणे, एचआयव्ही व हिपॅटायटिसची तपासणी करून देणे, अतिमात्रा झाल्यास जीव वाचवणे ही त्यातील प्रमुख कामे होत.

१९८४ साली ॲमस्टरडॅम येथे अमली पदार्थ घेणाऱ्यांच्याच संघटनेने सुया बदलून देण्याचे काम सुरू केले. १९८६ पासून इंग्लंडमधील लिव्हरपूल परिसरात ते रुजले. भारतात १९८९-९० च्या सुमारास मणिपूरमध्ये सुईने हेरॉइन घेणाऱ्या तरुणांत एचआयव्हीचा झपाट्याने प्रसार झाल्याचे दिसून आले आणि मग या कामाकडे लक्ष गेले. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट १९९५ पासून रस्त्यावर राहणाऱ्या व्यसनी लोकांत काम करीत आहे. २००७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात पर्यायी औषधाचा उपचार शासकीय धोरणात आला. धार्मिक समाजात हे काम होणे अशक्य, असा एक समज आढळतो. इराणच्या न्यायसंस्थेच्या प्रमुखांनी २००५ साली या सेवांना पाठिंबा देणारे परिपत्रक काढले होते. मलेशियात २०१० मध्ये क्वालालंपूर येथील विद्यापीठाजवळच्या मशिदीत मेथाडोन देण्याचा प्रयोग सुरू झाला. हे दोन दाखले त्या समजाला पुरेसे उत्तर आहेत.

मराठी वाचकाला व्यसनमुक्तीचा परिचय प्रामुख्याने पुण्याच्या मुक्तांगणमुळे झाला. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली उभारलेल्या या केंद्राचे ध्येय संपूर्ण व्यसनमुक्ती हे आहे, आणि व्यसनातून बाहेर पडलेले अनेकजण तेथे कार्यकर्ते म्हणून काम करतात. हानी कमी करण्याचा मार्ग याच्या विरोधी आहे असे मानण्याचे कारण नाही. सुई बदलण्यास वर्षभर येणारा माणूस एखाद्या दिवशी स्वतःहून 'भरती कुठे होता येईल?' असे विचारतो. त्या दिवसापर्यंत तो जिवंत असावा लागतो आणि विचारण्याइतपत ओळखीचे कोणीतरी समोर असावे लागते.

दोन तालुके, दोन चित्रे

पेडणे हा गोव्याचा उत्तरेकडील टोकाचा तालुका. तेरेखोल नदीपलीकडे महाराष्ट्राचा सिंधुदुर्ग जिल्हा, दक्षिणेस शापोरा नदी. मोरजी, मांद्रे, हरमल, केरी हा किनारा पर्यटनावर जगतो. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाल्यावर आतल्या गावांतही हॉटेलांची वर्दळ वाढली. हंगामात येथे स्वयंपाकी, वेटर, बांधकाम मजूर, टॅक्सीवाले यांची गर्दी असते, आणि त्यांतील अनेकजण परप्रांतीय असतात. किनाऱ्यावरील अमली पदार्थांचा विषय निघाला की परदेशी पाहुणा डोळ्यांसमोर येतो; त्याच किनाऱ्यावर रात्रपाळी करणारा स्थानिक मुलगा सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही.

डिचोलीचे चित्र वेगळे. तेथे खाण व ट्रक यांवर घरे चालली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे काही काळ सुरू झाल्या. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि त्याच वर्षीच्या १६ मार्चपासून उत्खनन पुन्हा बंद पडले. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. अशा घरात दारूचे प्रमाण वाढणे हे समजण्यास अवघड नाही. शिवाय काजूच्या हंगामात हुर्राक व फेणी हा घरोघरच्या उत्पन्नाचा भाग असल्याने तेथे दारूविरोधी व्याख्यान देणारा कार्यकर्ता पहिल्याच वाक्यात परका ठरतो.

म्हणूनच या दोन तालुक्यांचा विचार करताना दारू वगळून चालणार नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात देशात सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लाख, तर दारू पिणाऱ्यांची सुमारे १६ कोटी असल्याचे नमूद आहे. मद्यपानाचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांच्या यादीत गोव्याचे नाव आहे.

गोव्यातील एक प्रयोग

सहाय्यक कार्यकर्त्यासाठी पदवी आवश्यक आहे काय, या प्रश्नाचे उत्तर गोव्यातच मिळते. संगाथ या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने दारूच्या समस्येसाठी एक छोटी समुपदेशन पद्धती तयार केली आणि ती गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासून पाहिली. समुपदेशक होते मानसोपचाराचे व्यावसायिक शिक्षण नसलेले स्थानिक स्त्री-पुरुष. दहा प्रश्नांच्या एका प्रमाणित चाचणीत १२ ते १९ गुण मिळालेल्या, म्हणजे पिण्याने नुकसान होत असलेल्या पुरुषांना त्यांनी जास्तीत जास्त चार भेटी दिल्या. त्यापुढील गुण असलेल्यांना, म्हणजे दारूवर पूर्णपणे अवलंबून असण्याचा संभव असलेल्यांना, या चाचणीत घेतले नव्हते.

तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के पुरुषांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले होते. केवळ नेहमीची सुधारित आरोग्यसेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. हे निष्कर्ष 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दहा टक्क्यांचा हा फरक लहान वाटेल. परंतु तो डॉक्टरने नव्हे, गावातल्या माणसाने चार बैठकांत घडवून आणला, ही बाब महत्त्वाची आहे. त्याचबरोबर पत्नीवरील हिंसाचार व कामाचे बुडालेले दिवस यांत मात्र फरक आढळला नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. कार्यकर्त्याने आपल्या कामाबद्दल अवाजवी आश्वासने देऊ नयेत, यासाठी हा निष्कर्ष उपयोगी आहे.

कामाचे स्वरूप

राष्ट्रीय कार्यक्रमात सुईने अमली पदार्थ घेणाऱ्या साधारण ४० व्यक्तींमागे एक पीअर, म्हणजे त्याच अनुभवातून आलेला साथी-शिक्षक, असा संकेत आहे. त्याच्यावर क्षेत्र कार्यकर्ता, जोडीला समुपदेशक व परिचारिका असतात. दिवसाचा बराच वेळ चालण्यात, थांबण्यात व वाट पाहण्यात जातो. कोण आला नाही, कोणाचा पाय सुजला आहे, कोणाचे घरी बिनसले, याची नोंद ठेवणे हे मुख्य काम. वापरलेल्या सुया हाताने न मोडता, टोपण पुन्हा न लावता, न भोसकणाऱ्या डब्यात गोळा करावयाच्या असतात. हिपॅटायटिस सीचा विषाणू सिरिंजमध्ये कित्येक आठवडे टिकू शकतो, त्यामुळे 'एकदाच वापरली होती' या म्हणण्याला अर्थ नसतो. या आजारावर २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत मोफत उपचार मिळतो आणि बहुतेकांस १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात. हे सांगणारा माणूस भेटला नाही म्हणून यकृत निकामी होणे ही टाळता येण्याजोगी गोष्ट आहे.

दोन प्रसंगी चुकीचा सल्ला जीवघेणा ठरतो. पहिला प्रसंग दारूचा. सकाळी उठताच प्यावी लागते, न प्याल्यास हात थरथरतात, अशा माणसाला 'आजपासून एक थेंब घेऊ नकोस' असे सांगणे धोक्याचे आहे. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम, ताप व बेभानपणा सुरू होऊन मृत्यूही ओढवू शकतो. त्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे देऊनच थांबवावी लागते. नवसाने, शपथेने किंवा घरात कोंडून दारू सोडवण्याचे प्रयत्न आपल्याकडे सर्रास होतात, म्हणून कार्यकर्त्याला हे पाठ असले पाहिजे. पेडण्याहून बांबोळीच्या मनोरुग्णालयापर्यंत जाण्यात मजुराचा दिवसाचा रोज बुडतो. तेव्हा बरोबर जाणे हाही सेवेचाच भाग समजावा.

दुसरा प्रसंग हेरॉइन किंवा तत्सम पदार्थांच्या अतिमात्रेचा. श्वास मंदावणे, ओठ निळे पडणे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, हाक मारूनही जाग न येणे ही लक्षणे. मिठाचे पाणी पाजणे, थोबाडीत मारणे, 'झोपू दे, उतरेल' म्हणून सोडून देणे हे सर्व अपायकारक. १०८ क्रमांकावर फोन करणे, श्वास चालू असल्यास कुशीवर वळवणे, थांबल्यास तोंडाने श्वास देणे आणि नॅलोक्सोन उपलब्ध असल्यास प्रशिक्षित व्यक्तीने देणे, हा योग्य क्रम. तुरुंगातून किंवा केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस जुन्याच मात्रेला हात घालतो. कोलवाळचा मध्यवर्ती तुरुंग पेडणे तालुक्याच्या वेशीवरच आहे. तेथून सुटणाऱ्याला पहिल्या दिवशी कोण भेटतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ पुस्तकी नाही.

कायद्याची चौकट

१९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाही गुन्हा आहे. मात्र कलम ६४-अ अन्वये अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात आरोपी असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स कायद्याच्या कलम २२ ने मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालणाऱ्या सुया-बदल सेवेला संरक्षण दिले असून सुया देणारा व घेणारा दोघेही दोषी ठरत नाहीत. हे संरक्षण साधनांपुरते आहे. कोणाचा पदार्थ 'जरा सांभाळ' म्हणून खिशात ठेवला तर कार्यकर्ता स्वतः आरोपी होतो. क्षेत्रावर जाण्यापूर्वी ओळखपत्र, संस्थेचे पत्र आणि स्थानिक पोलीस ठाण्याला दिलेली माहिती ही तिन्ही असावीत.

वर्गात काय शिकवावे

बारावी झालेला, कोकणी व मराठी बोलणारा, थोडे हिंदी-कन्नड समजणारा तरुण किंवा तरुणी पेडणे-डिचोलीत सहज मिळेल. ही पात्रता कमी समजण्याचे कारण नाही. त्यांना शिकवावयाचे असते ते मुख्यतः वागणे. 'बेबदो' हा शब्द तोंडी न आणणे, वयाने मोठ्या माणसाच्या नावापुढे 'बाब' लावणे, प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणे, आणि ऐकलेले घरी न सांगणे. लहान गावात शेवटची गोष्ट सर्वांत कठीण. कार्यकर्त्याच्या मावशीला पुढच्या वाड्यातली सगळी माणसे ठाऊक असतात. एकदा बातमी फुटली की तो वाडा कायमचा बंद होतो.

स्त्रियांपर्यंत पोहोचण्यासाठी स्त्री कार्यकर्ती लागते, कारण व्यसनी स्त्री घरातच लपवली जाते आणि व्यसनी पुरुषाची पत्नी पुरुष कार्यकर्त्याशी मोकळेपणाने बोलत नाही. १४४४६ ही व्यसनमुक्तीची, १०९७ ही एचआयव्हीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा विद्यार्थ्यांना तोंडपाठ असावी. व्यसनातून बाहेर आलेल्या साथी-शिक्षकाला पुन्हा ओढ लागू शकते; ती सांगता यावी अशी जागा त्याच्यासाठी राखावी, आणि सांगितल्याबद्दल नोकरी जाणार नाही याची हमी द्यावी.

मूल्यमापनासाठी लेखी परीक्षा फारशी उपयोगाची नाही. संगाथच्या समुपदेशकांच्या बाबतीत एक पद्धत वापरली गेली, ती कोणत्याही कॉलेजला परवडण्यासारखी आहे. रुग्णाच्या संमतीने बैठकीचे ध्वनिमुद्रण केले जाई. नंतर समुपदेशक एकत्र बसून ते ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर एकमेकांना गुण देत. आरंभी तज्ज्ञ बरोबर असत, पुढे गट स्वतःच हे काम करू लागला. वर्गात प्रथम दोन विद्यार्थ्यांनी कार्यकर्ता व रुग्ण बनून वीस मिनिटे बोलावे, बाकीच्यांनी ते ऐकावे. कोणी किती वेळा मध्येच तोडले, किती प्रश्न 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावरच संपणारे होते आणि किती वेळा उपदेश सुरू झाला, हे मोजून फळ्यावर लिहावे. पहिल्या आठवड्यात उपदेशाचा आकडा सर्वांत मोठा येतो. तो सहाव्या आठवड्यापर्यंत निम्म्यावर आला, तर तो विद्यार्थी क्षेत्रावर पाठवण्यायोग्य समजावा.