चांदीत उमटलेली चित्रे

सावंतवाडी हे रंगांचे गाव. चितारआळीतील लाकडी खेळण्यांचा तांबडा-पिवळा लखलखाट, गंजिफांच्या गोल पत्त्यांवरील नाजूक दशावतार, पावसानंतर मोती तलावाभोवती दाटणारी हिरवाई. येथे वाढलेल्या डोळ्यांना रंगांची उणीव कधी भासत नाही. तरीही एखाद्या सायंकाळी घरात ‘श्यामची आई’ सुरू झाला, की दुकानाची वही मिटवून आलेले आजोबा आणि शाळकरी नातवंडे पडद्यासमोर एकत्र बसतात.

आचार्य अत्रे यांच्या या कृष्णधवल चित्रपटाला १९५४ साली, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यात कोकण आहे, पण कोकणचा एकही रंग नाही. तांबडी माती आणि माडांचा हिरवेपणा प्रेक्षकच आपल्या मनातून पुरवतो. डोळे मात्र वनमालाबाईंच्या चेहऱ्यावरून हलत नाहीत. रंग बाजूला सारले की उरतात चेहरा, प्रकाश आणि सावली. लक्ष विचलित करणारे फारसे काही राहत नाही.

प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) याची साक्ष देतो. वृद्ध वकिलाशी फसवून लावून दिलेले लग्न मनाने न मानणारी नीरा शांता आपटे यांनी उभी केली. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. ऐकू येतात ते घरातलेच आवाज. बिजवराच्या पदरी कोवळी मुलगी बांधण्याची चाल तेव्हा एकाच समाजापुरती नव्हती, सधन घराण्यांत तर नव्हतीच नव्हती. म्हणून नीरेचा निश्चल चेहरा आजही घरातल्या वडीलधाऱ्यांना थोडा अस्वस्थ करतो.

या चित्रांचे द्रव्यही व्यापारी घरांना परके नाही. कृष्णधवल फितीवरील प्रतिमा खऱ्या चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. रंगीत फीत धुताना चांदी काढून टाकली जाते आणि उरतात रंगद्रव्ये, जी काळाबरोबर फिकी पडतात. जपून ठेवलेली चांदीची प्रतिमा त्यामानाने फार टिकते.

पण हीच चांदी तिच्या मुळावर आली. खेळ संपलेल्या चित्रपटाची रिळे म्हणजे अडगळ, असा हिशेब करून कित्येक रिळांतील चांदी उतरवून घेतली गेली. ज्वालाग्राही नायट्रेट फितींचा घास आगीने घेतला. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीतही अशी अनेक रिळे भस्मसात झाली. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. धातूचा भाव ज्यांना कळला त्यांना चित्राचा भाव कळला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

सर्वांनाच तसे म्हणता येणार नाही. सावंतवाडीहून आंबोली घाट चढून गेल्यावर काही तासांत कोल्हापूर लागते. तेथे १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. जैन पित्याचे पुत्र व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे कलावंत होते. भांडवल घालणारे पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी. ते पेशाने सराफ होते.