भिरंडेल, खोबरेल आणि दाढीचा फेस

एप्रिल-मे उजाडला की गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या अंगणांत सोलं वाळत पडतात. भिरंड, म्हणजे कोकमाचं फळ, फोडायचं, साल वेगळी करायची, मीठ लावायचं, रसात घोळवून पुन्हा उन्हात टाकायची. घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्या सालीवर. वळिवाची एखादी सर आली की धावत जाऊन आत आणायची तीही सालच. बियांचं कुणाला फारसं पडलेलं नसतं. त्या वाळून कुठल्या तरी पोत्यात जातात. घरात जाणती बाई असेल तर ती पुढे सवडीने त्या फोडते, आतला गर कुटते, पाण्यात उकळते आणि पाण्यावर आलेला मेणचट थर गोळा करून मुठीत वळून ठेवते. हे भिरंडेल. पत्रादेवीचा नाका ओलांडून सिंधुदुर्गात गेलं की त्यालाच मुठेल किंवा कोकमतेल म्हणतात. टाचांच्या भेगा आणि फुटलेले ओठ, एवढ्यावर त्याची कामगिरी संपते असा सर्वसाधारण समज आहे.

दाढीचा साबण मुद्दाम हाताने बनवणाऱ्यांना मात्र या गोळ्याची वेगळी किंमत वाटते. कोकमाच्या या तुपात स्टिअरिक आम्लाचा वाटा 50 ते 60 टक्के असतो, आणि दाट, टिकाऊ, गालाला धरून राहणारा फेस हे मुख्यतः स्टिअरिक आम्लाचं काम.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत दाढीच्या साबणाला जगभर पुन्हा बरे दिवस आले आहेत. मिलानचा चेला हा साबण 1899 पासून चालत आलेला. अलीकडे अमेरिकेत बॅरिस्टर अँड मान, स्टर्लिंग यांच्यासारखे छोटे साबणकार उभे राहिले. ते मर्यादित माल करतात, डबीवर घटक सविस्तर छापतात आणि नवा वास आणला की गिऱ्हाईक रांग लावतं. हौस आपल्याकडेही पोचली. एका पात्याचा जुना रेझर, ब्रश, वाटी आणि महागडी साबणाची डबी हा सरंजाम आता पंचविशीतली मुलं हौसेने जमवतात. त्यांच्या आजोबांनी हाच सरंजाम ट्यूब आणि फोमचा डबा आल्यावर आनंदाने माळ्यावर टाकला होता.

गोव्यात हाताने बनवलेला साबण शोधायला लांब जावं लागत नाही. हरमल, मांद्रे, मोरजीच्या पर्यटनपट्ट्यात लेमनग्रास, हळद, कोळसा, कॉफी अशा नाना रंगावासांच्या वड्या दुकानांतून मांडलेल्या असतात. ‘हँडमेड’ एवढा शब्द वाचून कुणी त्यातली एक वडी दाढीसाठी उचलतो आणि फसतो. ब्रश फिरवल्याबरोबर फेस भराभर येतो, मोठमोठे बुडबुडे येतात, अर्ध्या मिनिटात हनुवटीपर्यंत सगळं पांढरं होतं. दुसऱ्या गालाकडे पातं वळेपर्यंत पहिल्यावरचं पांढरं विरलेलं असतं, आणि दाढी झाल्यावर कातडी ओढल्यासारखी होते. दोष वडीचा म्हणता येणार नाही. ती आंघोळीसाठी, बहुधा खोबरेलावर बेतलेली असते. खोबरेल तेलात लॉरिक आम्ल जवळजवळ निम्मं. लॉरिकचा साबण पाण्यात चटकन विरघळतो आणि फेस उसळतो, पण तो फेस दमाचा नसतो. शिवाय त्वचेवरचं तेलही तो जरा जास्तच ओरबाडतो.

तेव्हा दाढीच्या साबणात दोघांची जोडी लागते. खोबरेल फेस उठवतं, स्टिअरिक त्याला धरून ठेवतं. बहुतेक पाककृतींत स्टिअरिकचं पारडं जड असतं. तिसरी गोष्ट क्षाराची. नेहमीची वडी कॉस्टिक सोड्याने होते आणि टणक बनते. दाढीच्या साबणात कॉस्टिक पोटॅश घालतात, बहुतेकदा दोन्हींचं मिश्रण, कारण पोटॅशचा साबण मऊ राहतो आणि ब्रशला लवकर सुटतो. नारळाच्या सोडणांची किंवा केळीच्या गब्ब्याची राख पोटॅशने समृद्ध असते, हे इथे सांगायला हरकत नाही. अर्थात आज कुणी राखेपासून दाढीचा साबण करायला बसू नये, तिची तीव्रता मोजता येत नाही. चौथी गोष्ट ग्लिसरीन. तेल आणि क्षार एकत्र आले की साबणाबरोबर ग्लिसरीन तयार होतंच. मोठे कारखाने पुष्कळदा ते काढून वेगळं विकतात. छोट्या पातेल्यात केलेल्या साबणात ते जागच्या जागी राहतं आणि पातं फिरून गेल्यावरही गाल गुळगुळीत लागतो, त्यातला बराच भाग त्याचा.

मग नुसत्या भिरंडेलाचा साबण का करू नये? कारण त्यात स्टिअरिकखालोखाल 35 ते 40 टक्के ओलिक आम्ल आहे. ओलिकमुळे घसरण चांगली मिळते, फेस मात्र थोडा सैल होतो. म्हणून जाणकार साबणकार कोकमाचं तूप आणि वेगळं विकत मिळणारं स्टिअरिक आम्ल असं दोन्ही घालतात. बाजारातलं स्टिअरिक मुख्यतः पामतेलातून येतं आणि त्यात निम्म्याच्या आसपास पामिटिक आम्लच असतं. दुकानातला फोमचा डबाही याच घराण्यातला: त्यातही स्टिअरिक आम्लाचाच साबण असतो, क्षार म्हणून ट्रायइथेनॉलअमाइन वापरलेला, आणि फुगवायला वायू. बटण दाबल्यावर हातात येतो तो ढीग बराचसा त्या वायूचा. पाणी त्यात बेताचंच, आणि दाढीला खरी गरज पाण्याची.

परदेशी डब्या मागवणाऱ्याने घटकांची यादी वाचताना एक शब्द पाहून ठेवावा: टॅलो, म्हणजे गाईबैलांची किंवा मेंढ्यांची चरबी. इंग्लंडमधल्या मिचेल्स वुल फॅटसारखे कित्येक नावाजलेले साबण पिढ्यान् पिढ्या चरबीवर उभे आहेत. चरबीतही स्टिअरिक भरपूर, त्यामुळे फेस अव्वल. आपल्याकडे हा विषय नाजूक. अर्देशिर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात वनस्पतितेलाचा साबण काढला तेव्हा चरबी नसणं ही त्याची मोठी जमेची बाजू ठरली. पुढे 1983 मध्ये वनस्पती तुपात चरबीची भेसळ सापडल्यावर देशभर गदारोळ उठला आणि तिच्या आयातीवर बंदी आली. चरबीविना तसाच फेस हवा असेल तर स्टिअरिकने भरलेलं एखादं वनस्पतिजन्य तूप हवं, आणि अशी तुपं थोडी आहेत. भिरंडेल त्यांतलं एक.

त्याचा कठीणपणा हाही फायदाच. खोबरेल 24-25 अंशांना पातळ होतं; गोव्यात ते थिजलेलं पाहायचं तर डिसेंबर-जानेवारीतली पहाट गाठावी लागते. भिरंडेल वितळायला 38 ते 40 अंश लागतात, त्यामुळे भर मेमध्येही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ते गोळ्याच्या गोळा राहतं.

पण साबण कितीही चांगला असो, अर्धी लढाई पाण्याची आहे, आणि या बाबतीत उत्तर गोवा नशीबवान आहे. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असेल तर साबण आधी त्यांच्याशी जुळतो, न विरघळणारी साय बनते आणि फेसाला काही उरत नाही. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या बोअरच्या पाण्यावर दाढी करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पेडण्याला नळाचं पाणी चांदेलच्या शुद्धीकरण प्रकल्पातून येतं, तिळारीचे कालवे पेडणे, डिचोली, बार्देशला पाणी आणतात, साखळीवरून वाळवंटी वाहते. सह्याद्रीवर धो धो पडून जांभ्या दगडावरून उतरलेलं हे पाणी मुळातच मऊ. याच पाण्यावर वाढलेला गोवेकर दिल्ली-बंगळुरात नोकरीला गेला की त्याचा तोच साबण, तोच ब्रश एकाएकी नीट चालेनासा होतो. तो साबणाला दोष देतो.

शंका असेल तर परीक्षा सोपी आहे. स्वच्छ बाटलीत पाणी घ्यावं, त्यात साबणाचा किसलेला चिमूटभर चुरा टाकून जोरात हलवावी. वर फेस आणि खाली पाणी निवळ, म्हणजे पाणी मऊ. सगळंच दुधाळ झालं आणि फेस नावाला, म्हणजे पाणी जड. समुद्राला लागून असलेल्या विहिरींची गोष्ट निराळी. उन्हाळ्याच्या टोकाला तिथे खारटपणा उतरतो आणि मीठ साबणाला पाण्यातून बाहेर ढकलतं. अशा पाण्यात तग धरतो तो खोबरेलाचा साबण. खाऱ्या पाण्यात आंघोळ करणाऱ्या खलाशांसाठीचा साबण खोबरेलाचाच करत. म्हणजे एकाच तालुक्यात चांदेलच्या नळावर एक मिश्रण चालेल आणि किनाऱ्यावरच्या विहिरीवर दुसरं चालेल. एवढा बारीक विचार कारखान्याला परवडत नाही. घरी पातेल्यात साबण घोटणाऱ्याला परवडतो.

आता हाताचं काम. ब्रश आधी कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजत ठेवावा, डुकराच्या केसांचा असेल तर नक्कीच. हे केस पाणी पिऊन मऊ होतात. कृत्रिम तंतूंचा ब्रश नुसता ओला केला तरी पुरतो. तेवढ्या वेळात चेहरा धुऊन ओला ठेवावा, कारण दाढीचा केसही पाणी शोषतो, फुगतो आणि सुका असताना जितका जोर मागतो त्यापेक्षा बऱ्याच कमी जोराने कापला जातो. मग ब्रश झटकून, म्हणजे ठिबकणार नाही इतपत, साबणावर गोल फिरवायचा. इथे बहुतेकांची घाई होते. फेस दिसला की हात थांबतो. खरं तर पहिले बुडबुडे फसवे असतात. वीस-तीस सेकंद फिरवत राहिलं की ते जिरतात आणि ब्रशच्या टोकांवर चिकट, दाट लेप जमतो. हा माल पुरेसा जमला नाही तर पुढे कितीही घोटलं तरी व्यर्थ.

हा लेप वाटीत किंवा थेट गालावर घोटतात. वाटी म्हणून आतून खरवडलेली करवंटी फार छान चालते; तिच्या खडबडीत आतल्या अंगावर फेस लवकर उठतो. लेप कोरडा, निस्तेज दिसतो तोवर ब्रशची टोकं पाण्यात बुडवून दोन-चार थेंब घालायचे, पुन्हा घोटायचं, पुन्हा थेंब. चक्क्याचं श्रीखंड होताना जी तकतकी येते ती दिसू लागली की जमलं: बुडबुडे डोळ्यांना दिसत नाहीत, ब्रश उचलला की मऊ शेंडा उभा राहतो आणि हळूच वाकतो. बोटांत चिमूटभर घेऊन चोळलं तर बोटं घसरली पाहिजेत. चिकटली तर पाणी कमी. गालावरून ओघळू लागला तर पाणी जास्त, आणि मग थोडा साबण पुन्हा ब्रशवर घ्यायचा. नवशिक्यांचा फेस बहुधा कोरडा असतो. फोटोत कोरडा फेस फार देखणा दिसतो, उंच उभा राहतो. पात्याखाली मात्र अडतो. ज्याची रोज आग होते त्याने पातं बदलण्याआधी चमचाभर पाणी वाढवून पाहावं.

गावच्या म्हाल्याला, म्हणजे न्हाव्याला, हे कधी कुणी शिकवलं नसेल, पण त्याचा हात पाहिला की सगळं तिथे आहे. वाटीऐवजी आता ट्यूब आली, उस्तऱ्यात दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं पातं आलं. ब्रश मात्र तो अजूनही थेंबाथेंबाने ओला करतो, एकदा सगळा चेहरा घोटून झाल्यावर थोडं थांबतो आणि पुन्हा घोटतो. हे थांबणं गप्पांसाठी नसतं, केस भिजण्यासाठी असतं. गप्पा वरकड. शेवटी तुरटीचा ओला खडा फिरला की कुठे कुठे पातं जास्त बसलं ते चरचरून कळतं.

सुगंधाच्या बाबतीत थोडा हात आखडता घ्यावा. छोटे साबणकार वासावर जीव टाकतात: चंदन, लिंबू, पुदिन्याची थंडाई. डबी विकली जाते ती वासावर, आणि त्यात गैर काही नाही. पण दालचिनी-लवंगेसारखी तेलं ताज्या दाढीवर झोंबतात. नवी डबी आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहावी. फेस एकदाच घोटून साबण नापासही करू नये. कुठल्या साबणाला पाणी जास्त लागतं, कुठल्याला कमी, ते चार-पाच दाढ्यांनंतरच उमगतं.

पावसाळ्यात या हौसेची कसोटी लागते. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि साबणावर घाम सुटतो. साबण बिघडलेला नसतो. पाणी निथळून, झाकण अर्धवट उघडं ठेवलं की पुरे. ब्रशची जास्त काळजी: मुळाशी ओल राहिली तर त्याला कुबट वास येतो आणि केस गळू लागतात. तो झटकून, कपड्यावर पुसून, वारा लागेल अशा खिडकीत ठेवावा. न्हाणीघरात मुळीच नको.

भिरंडेल-खोबरेलाचा साबण करून विकायचं कुणा स्वयंसाहाय्य गटाच्या मनात आलं तर क्षार अचूक तोलणारा काटा, हातमोजे आणि चष्मा ही पहिली खरेदी. दुसरं काम कागदाचं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा आणि त्यातल्या प्रसाधनांसाठीची नियमावली 2020 ची. विक्रीसाठी प्रसाधन बनवायचं तर परवाना लागतो, आणि गोव्यात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाच्या दारात जावं लागतं. अंगणात वळलेल्या गोळ्याला कुणी असा कागद मागत नाही. त्याच गोळ्याचा साबण डबीत भरून, वर चिठ्ठी चिकटवून दुकानात ठेवला की तो लागतो.